महारा, बॅच पाच: ३०पैकी १४ (आता १३)

महारा या बोगनवेलीच्या काड्यांना मुळं फोडायच्या पाचव्या खेपेचा आज अडतिसावा दिवस. सकाळी गच्चीत पाणी द्यायला गेले, सवयीने सात नंबरच्या कपाभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद खाली सरकवला, तर आत प्लास्टिकला चिकटून एक पांढरा दोरा. आधी वाटलं परलाइट (मातीत मिसळायचे पांढरे हलके खडे) असेल. चष्मा लावून पुन्हा पाहिलं. दोरा वाकडा होता आणि त्याला टोक होतं. परलाइटला कुठलं आलंय टोक! मग तीसच्या तीस कपांचे कागद सोडत बसले. चहा गार झाला, डबा उशिरा झाला, आणि सासूबाई जिन्यातून विचारत होत्या, "काय हरवलंय का गं?"

महाराला मुळं फुटली आहेत. डबल महाराला, जिच्या नावाने मी जूनपासून बोटं मोडते आहे.

चार बॅचची रड आधीच गाऊन झाली आहे, तिचा फक्त शेवट सांगते. चारही वेळा तेच. पहिले दहा-बारा दिवस काडी हिरवीगार, डोळे फुगतात, एखादं पोपटी पान बाहेर डोकावतं आणि मी घरभर सांगत सुटते. पंधराव्या दिवसाच्या आसपास ते पान मलूल होतं. काडी उपटावी तर खालचं दोन बोटं टोक काळंकुट्ट, साल निसटून हातात येते, नाकाजवळ नेलं तर शिळ्या डाळीचा वास. साधी जांभळी बोगनवेल याच गच्चीत काहीही न लावता धरते. थिम्मा ही बोगनवेलीची दुसरी जातसुद्धा रडतखडत आली. महारा मात्र नाही म्हणजे नाही.

माझा संशय पहिल्यापासून काडीला मुळं फुटावीत म्हणून लावतात त्या हार्मोनवर. त्याला कारणही होतं. पहिल्या बॅचला ऑनलाइन मागवलेली पावडर वापरली होती, तिच्या डबीवर आयबीए (म्हणजे तो हार्मोनच) किती टक्के आहे हेच छापलेलं नव्हतं. 'सर्व झाडांसाठी उपयुक्त' एवढंच मोठ्या अक्षरात. माझं आता ठाम मत झालंय की ज्या डबीवर टक्का नाही ती डबी घ्यायची नाही, मग वर कितीही हिरवी पानं छापलेली असोत. कोवळ्या काडीला ०.१ टक्का, निबर व्हायला लागलेल्या काडीला ०.३ आणि जून लाकडाला ०.८, हा फरक जो विकणारा सांगत नाही तो आपल्याला टाल्कम पावडर विकतोय असं समजायचं.

म्हणून दुसऱ्या बॅचला स्वतःच द्रावण करायला घेतलं आणि कशी तोंडावर आपटले ते मागे लिहिलंच आहे. सोनाराच्या काट्यावर ०.३ ग्रॅम आयबीए मोजलं, दोन चमचे अल्कोहोलमध्ये ते सुरेख विरघळलं, आणि मग मी आनंदाने १०० मिली होईपर्यंत पाणी ओतलं. क्षणात ताक! आयबीए पाण्यात लिटरमागे जेमतेम पाव ग्रॅम विरघळतं आणि मी त्याच्या दहा-बारापट कोंबायला निघाले होते. सगळा माल स्फटिक होऊन तळाशी. आता निम्मं आयसोप्रोपिल आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असंच करते. १०० मिलीत ०.३ ग्रॅम म्हणजे ३००० पीपीएम (दहा लाख भागांत ३०००), त्याचा एक भाग आणि तेच निम्मं-निम्मं पाणी-अल्कोहोल दोन भाग म्हणजे १०००. काडी मोजून पाच सेकंद बुडवायची, अल्कोहोल उडून जाईपर्यंत दोन मिनिटं वाऱ्यावर ठेवायची, मग लावायची. बाटली काळ्या कागदात गुंडाळून, कुलपी डब्यात घालून फ्रिजमध्ये. डब्यावर कवटी काढली आहे, कारण आमच्या घरात निनावी बाटली उघडून वास घेणारे दोन जण आहेत.

द्रावण बरोबर झालं तरी तिसऱ्या बॅचच्या चोवीसच्या चोवीस काड्या काळ्या. तेव्हा मी ठरवून टाकलं की डोस जास्त होतोय, काडी भाजते आहे. ऑक्झिन (आयबीए ज्या गटातलं आहे तो हार्मोन) जास्त झालं की टोक करपतं हे खरंच आहे, त्यामुळे तर्क पटण्यासारखा होता. चौथ्या बॅचला आठ काड्या ३००० ला, आठ १००० ला, आणि आठ कोऱ्या. त्या कोऱ्यांना पाण्यात अल्कोहोल तेवढंच, हार्मोन शून्य.

कोऱ्या काड्याही कुजल्या. तशाच, त्याच दिवशी, तोच शिळ्या डाळीचा वास.

चौथ्या बॅचला पहिल्यांदा कोऱ्या काड्या ठेवल्या हे कबूल करायला लाज वाटते. पहिल्या बॅचलाच चार ठेवल्या असत्या तर जुलै-ऑगस्ट वाचले असते आणि मैत्रिणीच्या कुंपणावरची महाराही अशी बोडकी दिसली नसती. हार्मोन निर्दोष सुटला. मग राहिलं काय? पाणी, हवा आणि माध्यम. बुरशीचा संशय धरून बाविस्टीन हे बुरशीनाशक आधीच देत होते, लिटरला एक ग्रॅम, दहा मिनिटं. तिकडून काही फरक नव्हता.

उत्तर आलं ते आरओच्या फिल्टरवाल्याकडून. तो फिल्टर बदलायला आला, ग्लासातल्या पाण्यात त्याने टीडीएसचं (विरघळलेले क्षार मोजायचं) पेन बुडवलं, ८० आकडा दाखवला आणि समाधानाने मान हलवली. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, ज्यात काड्या लावत होते ते भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मी गच्चीतून मूठभर आणलं, वाटीत पिळलं आणि म्हटलं, "दादा, हे जरा यात बुडवा." १९४०. त्याने पेन झटकलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. १९६०. "ताई, हे पिऊ नका," म्हणाला.

सासरे पेपर वाचत बसले होते. त्यांचं बालपण मालवणकडचं. पेपर खाली न करताच म्हणाले, "खाडीत कुजवलेल्या सोडणांचा भुसा तो, खारटच असणार." काथ्या सुटावा म्हणून नारळाची सोडणं महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात पुरून ठेवतात, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं. मी ती वीट 'धुतलेलं, कमी क्षाराचं' असं वाचून जास्त पैसे देऊन घेतली होती. मुळं नसलेल्या उघड्या काडीला मी चार बॅच मिठात लोणच्यासारखी मुरवत होते.

तीनदा धुऊन, रात्रभर भिजवून, पुन्हा पिळून आकडा ३१० वर आणला. पण तोवर कोकोपीटवरचं मन उडालं होतं, म्हणून पाचव्या बॅचला ते फक्त एक भाग घेतलं. एक भाग परलाइट आणि दोन भाग क्रश सँड. आमच्याकडे नदीची वाळू आता बघायलाही मिळत नाही. क्रश सँडमध्ये दगडाची पूड असते, ती ओली झाली की सिमेंटसारखी बसते. पिठाच्या चाळणीने चाळायची, खाली पडेल ते फेकायचं, वर राहील ते पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. (चाळणी नवी आणून दिली आहे. विषय संपला.)

१४ सप्टेंबरला तीस काड्या लावल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. फुलाचा झुबका असलेली फांदी घेतलीच नाही. सासऱ्यांच्या सांगण्यावरून वरच्या कापाला शेणाचा ठिपका. मेणापेक्षा तोच बरा, उन्हात वितळत नाही. वर पाच लिटरच्या पाण्याच्या बाटल्या तळ कापून उपड्या, सकाळी दहा मिनिटं झाकण उघडून हवा.

आणि आजचा हिशेब. कोऱ्या सहापैकी १. हजारवाल्या बारापैकी ४. तीन हजारवाल्या बारापैकी ९. म्हणजे मी जिला जाळणारी मात्रा म्हणून शिव्या घातल्या तीच सगळ्यात चांगली चालली. तीसच काड्या आहेत, यावरून कायदे करायला मी निघालेले नाही. शिवाय क्षार आणि निचरा दोन्ही एकदम बदलले, त्यामुळे नेमकं कशाने कुजत होतं ते या बॅचवरून सांगता येत नाही. माहीत आहे, ओरडू नका.

अकरा नंबरचं दुःखही सांगून टाकते. उत्साहाच्या भरात ती कपातून हातावर उपडी केली. वाळू भुरभुर गळून गेली आणि मुळं स्वतःच्याच भाराने तुटली, बारीक तट् आवाज आला. बोगनवेलीची मुळं काचेसारखी असतात हे मी दुसऱ्यांना किती वेळा सांगितलंय! बाकीच्या तेरा अजून तीन आठवडे हलवायच्या नाहीत. नंतर कप कात्रीने उभा चिरून, आहे त्या गोळ्यासकट कुंडीत.

मधल्या काळात घरात इतर प्रयोग चालूच होते. जास्वंद हजारवर दहापैकी नऊ. मोगरा दहापैकी सात. मनीप्लांटला हार्मोन लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. मधाची एक रांग केली होती, ती मुंग्यांनी साजरी केली. दालचिनीने बुरशी थोडी रोखली जात असेल, तिच्यात मुळं फोडण्याचं काही नाही. नारळपाण्याचा सल्ला तर अजून कुणी ना कुणी देतंच. त्यात सायटोकायनिन नावाचं हार्मोन असतं, ते फुटव्यांना चेव आणतं आणि मुळांच्या आड येतं. काडीला पानं आधी फुटणं हीच तर माझी चार बॅचची फसगत होती. १९३५ साली झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी आयबीए आणि त्याच गटातलं एनएए मुळांसाठी चालतात हे दाखवून दिलं, तरी आपण स्वयंपाकघरातल्या बरण्या उघडतोय.

एनएएवरून आठवलं. सहाव्या बॅचला प्लॅनोफिक्स घ्यायचं ठरवलं होतं, फळगळीसाठी मिळतं ते. त्यात ४.५ टक्के एनएए असतं, म्हणजे एक मिलीचे ४५ मिली केले की साधारण हजार पीपीएम. आयबीए आणि एनएए निम्मे-निम्मे अशी एक रांग.

पण हे लिहिता लिहिता उठून तुटलेली अकरा नंबरची काडी पुन्हा भिंगाखाली पाहिली, आणि बेत बदलला. मुळांचे सगळे बुडखे एकाच बाजूला आहेत. जिथे मी ब्लेडने साल नखभर खरवडली होती त्या जखमेच्या कडेने ओळीत पाच, दुसऱ्या बाजूला नुसती कॅलसची (जखम भरताना येणाऱ्या पेशींची) गाठ. मी आळसाने एकाच बाजूला खरवडलं होतं. दोन्ही बाजूंनी खरवडलं तर? प्लॅनोफिक्स राहू दे. सहावी बॅच एवढ्या एकाच प्रश्नाची, सगळ्या ३००० वर, अर्ध्या एका जखमेच्या, अर्ध्या दोन जखमांच्या. माध्यमाला हात लावायचा नाही. दोन-तीन कोऱ्या मात्र हव्यातच.

प्रश्न थंडीचा. पुण्याच्या डिसेंबरात गच्चीत काडी नुसती झोपून राहील. खालून ऊब द्यायची चटई महाग आहे. इन्व्हर्टरच्या डोक्यावर ट्रे ठेवावा असं मनात आलं होतं, पण पाणी आणि बॅटरी ऐकून घरातून एकमताने नकार आला. फ्रिजच्या वर जागा आहे. तिथे सध्या लोणच्याच्या बरण्या आहेत, बोलणी चालू आहेत.

सासऱ्यांचं म्हणणं वेगळंच, फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडायची, म्हणजे गुटी. "काड्या कसल्या लावतेस, जूनमध्ये गुटी बांध. दहातल्या आठ येतील." मैत्रिणीला विचारून तिच्या कुंपणावरच्या तीन जाड फांद्यांना आत्ताच सुतळी बांधून ठेवणार आहे, म्हणजे तोवर त्या कुणी छाटणार नाही.