साथीत लपलेली पोटदुखी

कॅम्पवर तिघांना जुलाब लागले होते. त्यामुळे चौथ्या मुलानं पोटात दुखतंय म्हटल्यावर सगळ्यांनी त्यालाही त्यांच्यातच धरलं. गिर्यारोहण मोहिमांबरोबर डॉक्टर म्हणून जाताना मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते. साथ आली की प्रत्येक पोटदुखी साथीतलीच वाटायला लागते.

त्या तिघांचं सरळ होतं. आधी मळमळ, उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब आणि येऊन-जाऊन मुरडा. ताप नाही, शौचात रक्त नाही. घोट घोट ओआरएस चालू होतं. पाकिटं संपली तरी अडत नाही. एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ, दोन्ही सपाट भरून. अंदाजानं मात्र मुळीच घालू नये, मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

चौथ्याला मी फक्त क्रम विचारला. "आधी काय झालं, उलटी की दुखणं?"

"दुखणं. काल रात्री, बेंबीभोवती. उलटी पहाटे झाली, एकदाच."

"आणि आता कुठं दुखतंय?"

त्यानं उजवीकडं खाली, एका बोटानं जागा दाखवली. जुलाब झालेच नव्हते, अन्नावरची वासना पार उडाली होती. मुलं लाजून सांगत नाहीत, म्हणून वृषणात दुखतंय का हेही विचारलं. तिथं पीळ पडला असेल तर हातात काही तासच असतात. तसं काही नव्हतं. टाचा उचलून धपकन टेकवायला सांगितल्या, तर तो कळवळला. अंगात कणकण होती. उजव्या बाजूला हात ठेवताच पोट ताठ झालं.

अपेंडिक्सला सूज येते तेव्हा सुरुवातीला आतड्याच्या नसा मोघमच कळवतात, म्हणून बेंबीपाशी दुखतं. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की नेमकी जागा कळते, आणि मग दुखणं तिथून हलत नाही.

मोहिमेचे नेते म्हणाले, "डॉक्टर, आजची रात्र बघूया का? सकाळी ठरवू."

रानात सोनोग्राफी नसते, रक्ततपासणी नसते. तिथं एवढंच सांगायचं असतं की हा माणूस इथं थांबू शकतो का. मी नाही म्हणाले. रात्री अपेंडिक्स फुटलं असतं, तर अंधारात आम्हाला काहीच करता आलं नसतं. १९६१ साली अंटार्क्टिकावरच्या नोवोलाझारेव्स्काया तळावर लिओनिद रोगोझोव या डॉक्टरांनी स्वतःचंच अपेंडिक्स काढलं, कारण दुसरा डॉक्टर तिथं पोचूच शकत नव्हता. आमच्याकडे वाट होती, स्ट्रेचर होतं, खांदा देणारी माणसं होती.

निघण्याआधी शिरेतून प्रतिजैविक दिलं आणि वेदनाशामकही दिलं. त्यानं लक्षणं झाकली जातात हा समज अजून ऐकू येतो, पण निदान त्यामुळं चुकत नाही. तासन् तास हिंदकळत जाणाऱ्या माणसाला वेदनेत ठेवणं मला पटतच नाही. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्स सुजलं होतं, फुटलं नव्हतं.

राहिले जुलाब. पाणी तर खळखळून उकळत होतो, उंचीमुळं तीन मिनिटं. शौचाचे खड्डे ओढ्यापासून लांब होते. मग हातांकडं पाहिलं. थंडगार पाण्यात हात घालायला नको म्हणून बहुतेकजण सॅनिटायझर चोळून जेवायला बसत होते. उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर, विशेषतः नोरोव्हायरसवर, अल्कोहोलची मात्रा नीट चालत नाही. तिथं साबण आणि वाहतं पाणीच लागतं. शौचाच्या वाटेवर आणि जेवणाच्या तंबूच्या तोंडाशी नळाचे कॅन टांगले, साबण दोरीनं बांधला आणि हात धुतल्याशिवाय कुणालाही ताट मिळणार नाही असं सांगितलं. तिघांपैकी एकजण स्वयंपाकाला मदत करायचा. त्याचे जुलाब थांबल्यावरही पूर्ण दोन दिवस मी त्याला शिध्याला हात लावू दिला नाही. तो बराच नाराज झाला.