तुम्ही विचारलंत म्हणून: पिल्लू सापडलंय, काय खायला घालू?

मार्च उजाडला की माझ्या फोनला चैन नसते. शाळेत तो सायलेंटवर असतो, पण मधल्या सुट्टीत उघडला की चार-पाच मिसकॉल दिसतातच. नंबर अनोळखी, प्रश्न मात्र ओळखीचा: "मॅडम, पिल्लू सापडलंय, काय खायला घालू?" परवा इथल्या, नाशिकच्या कॉलेज रोडच्या एका ताईंनी तर नाव सांगायच्या आधीच विचारलं, "दुधात बिस्कीट कुस्करून दिलं तर चालेल ना?"

नाही चालणार. काहीच घालू नका, पाणीसुद्धा नको. एवढं म्हटलं की पलीकडे शांतता पसरते. या बाईला काळीज नाही, असं वाटत असणार. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही इंदिरानगरला राहायचो. एका सकाळी मोगऱ्याच्या कुंडीमागे बुलबुलाचं पिल्लू बसलेलं दिसलं. शेपटी आखूड, चोचीच्या कडा पिवळ्या, अंगावर पिसं मात्र पुरती आलेली. मला वाटलं, पडलं बिचारं. घरात मुलीच्या औषधाचा ड्रॉपर होता, त्याने कोमट दूध पाजायला घेतलं. पहिले दोन थेंब गेले. तिसऱ्याला त्याने शिंकल्यासारखं केलं, मान मागे टाकली आणि नाकपुडीवर दुधाचा बारीक बुडबुडा आला. दहा मिनिटांत ते माझ्या तळहातावर गार पडलं. एवढा वेळ वर केबलच्या तारेवर बुलबुल चोचीत अळी धरून ओरडत होता. आई की बाप, बुलबुलात दिसून कळत नाही. भरवायला आलेलं ते, आणि मध्ये मी.

पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. आपण वरून थेंब सोडला की तो पोटात न जाता सरळ फुफ्फुसात उतरू शकतो. शिवाय दूध पक्ष्यांना पचत नाही. दूध हे सस्तन प्राण्यांचं काम. हे मला नंतर एका पशुवैद्यांनी सांगितलं, तेही न रागावता. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आणि ते पिल्लू पडलेलं नव्हतंच. बुलबुलाची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरट्यातून बाहेर पडतात, काही दिवस झुडपात नाही तर जमिनीवर उड्या मारत काढतात, आणि आईबाप तिथे येऊन त्यांना भरवतात. म्हणून मी फोनवर आधी विचारते, पिसं आलीत का? आली असतील आणि जखम नसेल, तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा, मांजर-कुत्रं आत घ्या आणि लांब जाऊन बसा. अगदी उघडंवाघडं असेल तर ते घरट्यात परत ठेवायचं. घरटं मोडलं असेल तर छोटी टोपली त्याच फांदीला बांधा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हे आपल्या सगळ्यांच्या आजीने सांगितलेलं आहे आणि ते खरं नाही.

खरोखर जखमी असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे त्याचा हंगाम म्हणजे संक्रांत. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली, पण जानेवारीत गंगापूर रोडच्या झाडांकडे मान वर करून बघा. मांजात अडकलेला पक्षी दिसला की लोक दोरा ओढतात, आणि तो पंखाच्या कातडीत आणखी खोल जातो. ओढू नका. पक्ष्यावर सुती कापड टाकून धरा, लोंबणारा दोरा कात्रीने कापा आणि अंगात रुतलेला तसाच डॉक्टरांसाठी ठेवा. बुटांचा खोका, त्याला चार भोकं, आत जुना टॉवेल, वर झाकण. अंधार आणि शांतता हेच पहिलं औषध. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणं, व्हिडिओ काढणं, सोसायटीतल्या मुलांना दाखवणं, सगळं बंद. मग वन विभागाची हेल्पलाइन, १९२६. वानर, मुंगूस, खोकड किंवा वटवाघूळ असेल तर हातच लावायचा नाही. चावलं, ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

"बरं झालं की आम्हीच ठेवू" म्हणणारे पुष्कळ असतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही. हो, पिंजऱ्यातल्या पोपटालाही तोच कायदा.

मोठ्या प्राण्यांच्या बाबतीतही माझं उत्तर बदलत नाही. तीन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या दिवसांत दारणाकाठच्या एका गावातून माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, रानमांजराची दोन पिल्लं घावलीत फडात. कॅरेटात घातलीत, पोरं दूध पाजत्यात." फोटो बघितला: अंगावर गिचमिड ठिपके, लांब शेपूट, अंगाच्या मानाने पंजे भलतेच जाड. बिबट्याची होती. म्हटलं, दूध थांबवा, सगळ्यांना लांब न्या, तोड बंद करा, मी वन विभागाला कळवते. आई जवळपास असते. पिल्लं हलवली तर ती वस्तीभोवती शोधत फिरते आणि तेव्हा ती जास्त धोक्याची.

ते चिडले. चिडणारच. टोळीची मजुरी चालू, ट्रॅक्टर उभा, आणि गोठ्यात चार शेळ्या. "तुम्ही शहरात बसून सांगता," म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. निफाड, सिन्नरकडे ज्यांच्या घरातलं माणूस बिबट्याने नेलं, त्यांना मी काय समजावणार?

वनरक्षक आले, डॉक्टरांनी पिल्लं तपासली. अंधार पडायच्या आत ती त्याच कॅरेटमध्ये, जिथे सापडली त्याच सरीत ठेवली, समोर कॅमेरा लावला आणि सगळे मागे हटले. सकाळी कॅमेऱ्यात दिसलं: रात्री ती आली, कॅरेटचा काठ हुंगत बराच वेळ उभी राहिली, एकाला मानेशी धरून पाचटातून निघून गेली. दुसऱ्यासाठी पुन्हा आली.

कॅरेट द्राक्षाचं होतं. त्यांच्या बायकोने त्यात पुन्हा द्राक्षं भरू दिली नाहीत. गेल्या महिन्यात गेले तेव्हा ते पडवीत होतं, कांदे भरून.