तुम्ही विचारलंत म्हणून: खाऱ्या हवेत रेकॉर्ड नि कॅसेटी टिकतात कशा?

‘ख्यालाच्या एलपी, नाट्यपदांच्या तबकड्या, कव्वाली, जॅझ, वर दशावताराच्या आणि डबलबारीच्या कॅसेटी. समुद्राच्या एवढ्या जवळ हे सगळं टिकतं कसं?’ घरी आलेली मंडळी गाण्याच्या आधी हेच विचारतात.

टिकतं, पण मृगाआधी आगोट भरताना सुक्या मासळीइतकी काळजी याचीही घ्यावी लागते.

सुरुवात कॅसेटींपासून करा. एलपी गेली तर जुन्या बाजारात दुसरी मिळेल. जत्रेत कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरून घेतलेला दशावतार पुन्हा मिळणार नाही. कॅसेटीच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढुरकं काही दिसलं, तर ती बुरशी. ‘बघू तरी वाजते का’ म्हणून अशी कॅसेट लावू नका. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि मागून लावलेल्या प्रत्येक कॅसेटीत शिरते. शिवाय चिकटलेले वेढे सुटताना टेप तुटते. सी-९० ची, म्हणजे नव्वद मिनिटांची, टेप सी-६० पेक्षा पातळ, ती तर लगेच.

आधी हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत पंधरा दिवस सुकू द्या. मग मास्क लावून, घराबाहेर, पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं दुसऱ्या स्वच्छ कॅसेटीच्या खोक्यात बसवा. वाया गेला तरी चालेल अशा जुन्या डेकवर (कॅसेट वाजवायच्या यंत्रावर), टेपला धागे न सोडणारं मऊ कापड हलकं टेकवून एकदा पूर्ण पुढे, एकदा मागे फिरवा. नंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला मात्र नुसतं ओलसर फडकं. अल्कोहोलने रबर कडक होतं.

एवढं करून आवाज दबकाच येत असेल, तर हेडसमोरचा फेल्टचा तुकडा बघा. दमट हवेत त्याचा गोंद सुटतो, टेप हेडला नीट टेकत नाही आणि झांजा ऐकूच येत नाहीत. तुकडा जागेवर असेल, तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी पाव फेरा इकडे-तिकडे फिरवा आणि झांज सर्वांत लख्ख ऐकू येईल तिथे थांबा. घरगुती कॅसेट ज्या यंत्रावर भरली, त्याचं हेड किंचित तिरकं असणारच. वाजली की त्याच बैठकीत संगणकावर २४ बिटमध्ये उतरवून घ्या. खरखर काढायचा मोह मूळ प्रतीवर नको, तिच्या नकलेवर भागवा.

तबकड्यांचं त्यामानाने सोपं. एलपी विनाइलची, ती एक भाग आयसोप्रोपिल नि चार भाग बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी यांनी, लेबल कोरडं ठेवून, खाचेच्या दिशेने पुसावी. विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून तिला बॅटरीचं पाणी आणि साबणाचा एखादा थेंब. आणि साठच्या दशकातली आहे म्हणून ती विनाइलचीच असेल असं धरू नका. आपल्याकडे बीटल्सची गाणीसुद्धा ७८ वर निघाली. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घासते नि नुसती खरखर ऐकवते, तेव्हा सुई वेगळीच हवी.

जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांना भरलेल्या असतातच असं नाही. ७४ ला भरलेली ७८ ला लावली, तर पेटीच्या पांढरी एक पट्टीत गाणारा जवळजवळ काळी एकला जातो. आवाज बालिश वाटला, तर पेटी जवळ घ्या आणि सूर ताडून बघा.

ठेवायच्या जागेबद्दल एवढंच: माळ्यावर नको, कौलांखाली तापतं, जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवूनही नको, ती पाणी ओढते. मधल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर वर, उभ्या. शंभर एलपींचं वजन वीस-पंचवीस किलो होतं, फळी तशीच हवी. कागदी पाकिटांत बुरशी मुरलेली असते, ती फेकून पॉलिथिनची घ्या. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती मला पसंत नाही; बल्बशेजारची तबकडी वाकते. त्यापेक्षा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा पन्नासच्या आत राहील इतकं जेल. नारिंगी जेल हिरवट झालं की १२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरता येतं.

दसऱ्याच्या सुमारास सगळ्या कॅसेटी एकदा पुढे-मागे फिरवा. दुपारी गडगडायला लागलं, तर आधी डेकचा प्लग काढा. नुसत्या स्विचने भागत नाही.