किती खेपा पडल्या की उपग्रहाला दिसतं?

ठाणे खाडीकाठच्या कांदळवनात राडारोडा रात्री पडतो. तपासणीला माणसं मोजकी, त्यामुळे आज कुठे जायचं हे ठरवायला नकाशा हवा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची दृश्यं फुकट मिळतात, दर ५ दिवसांनी. पण त्याचा एक पिक्सेल म्हणजे १० बाय १० मीटर. एका हायवात, म्हणजे मोठ्या डंपरात, साधारण १४ घनमीटर माल बसतो. दीड मीटर उंच भरावात तो जेमतेम ९ चौरस मीटर जागा अडवतो. खात्रीने बदल दिसायला निदान ४ पिक्सेल लागतात, म्हणजे चाळीसेक खेपा. पहिल्या खेपेलाच पकडायचं तर नाक्यावर माणूसच हवा.

हिरवाई किती घटली हे पाहायला दोन तारखांच्या एनडीव्हीआयची (लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशावरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक) वजाबाकी करतात. ती करण्याआधी फाइलींची प्रक्रिया-आवृत्ती पाहा. २५ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा केले नाहीत तर लाल ४०० आणि इन्फ्रारेड ३००० असलेल्या धडधाकट खारफुटीचा निर्देशांक ०.७६ ऐवजी ०.४८ येतो आणि अख्खी खाडी उजाड झाल्यासारखी दिसते. हे १००० आधीच वजा केलेला तयार 'हार्मोनाइझ्ड' संच घेतला तर ही कटकटच नाही.

दुसरा घोळ ओहोटीचा. उघडी पडलेली चिखलपट्टी भरावासारखीच दिसते, म्हणून भरतीचं कोष्टक पाहून सारख्या पाण्याची दृश्यं जुळवा. भांडुप-कांजूरची मिठागरं उन्हाळ्यात चकाकतात, ती आधीच झाकून टाका. मार्चची तुलना मार्चशीच. नोव्हेंबरनंतर गवत वाळतं आणि नकाशावर सगळीकडे हिरवाई घटल्याचे लाल ठिपके उठतात. पावसाळ्यात ढगांमुळे हे सगळं बंद. सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून पाहतं, पण छोटा ढीग त्याच्या कणीदार चित्रात हरवतो.

उरलेल्या ठिपक्यांना क्यूजीआयएस या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये गुण द्यायचे; जास्त गुण तिथे आधी जायचं. लागोपाठच्या दोन दृश्यांत वाढलेल्याला ३. कांदळवनापासून ५० मीटरच्या आत असेल तर आणखी ३. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने त्या पट्ट्यात राडारोडा टाकायला मनाई आहे. हायवा जाईल असा रस्ता १०० मीटरच्या आत असेल तर २. क्षेत्रफळाला मात्र आम्ही गुण देत नाही. मोठा जुना ढीग सगळ्यांना ठाऊक असतो, तिथे पंचनामे होऊन गेलेले असतात. १५ दिवसांत चारचे नऊ पिक्सेल झाले असतील तर तिथे आज रात्रीही गाडी येण्याची शक्यता असते.

दर दहा भेटींत एक भेट गुण न बघता, चिठ्ठी टाकून ठरवा. नाहीतर नकाशाला जे दिसत नाही ते कधीच कळणार नाही.

जागेवर पोचल्यावर आधी चाकोऱ्या पाहायच्या. कडा तुटक, ओल्या असतील तर गाडी नुकतीच गेलेली. टाइल्सचे तुकडे आणि प्लास्टर असेल तर माल इमारत पाडल्याचा, नुसती माती-मुरूम असेल तर पायाच्या खोदकामाचा. फोटोत जीपीएस चालू ठेवा, ढिगाची उंची टेपने मोजा आणि 'काही सापडलं नाही' हेही त्याच ठिपक्यावर नोंदवा. पुढच्या महिन्यात गुण बदलायला तीच नोंद लागते.