दगडावरची वर्गणी

गल्लीतल्या तालमीचा कारभार ज्यानं जवळून पाहिलाय, त्याला अथेन्सचा हा शिलालेख समजायला फारसा वेळ लागत नाही. दिओनिसस या मद्यदेवतेच्या भक्तांचा हा खासगी संघ. सभासद स्वतःला इओबाक्खोई म्हणवत. 1894 साली अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या पश्चिमेला त्यांच्या सभागृहाच्या जागी एक खांब सापडला. त्यावर दीडशेहून जास्त ओळींची नियमावली आहे. काळ साधारण इ.स. 164.

प्रवेश फी 50 देनारियस (रोमन चांदीची नाणी), सभासदाच्या मुलाला निम्मी, म्हणजे 25. आधी मतदान, मग फी, आणि फी भरल्यावरच पुजारी ‘हा आपला सभासद’ अशी चिठ्ठी देणार. म्हणजे पावती! दर महिन्याच्या नवमीला बैठक आणि वाइनसाठी मासिक वर्गणी. ती थकवली तर जेवणाच्या मेळाव्याला प्रवेश बंद. लग्न झालं, मूल झालं, नागरिकत्व मिळालं, एखादं सरकारी पद मिळालं, की आपल्या ऐपतीला शोभेल अशी वाइन सर्वांना पाजायची. आपल्याकडे प्रमोशन झाल्यावर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पार्टी मागतात, तिथे ते दगडावर कोरलेलं कलम होतं. खजिनदार दोन वर्षांसाठी निवडायचा, आणि दिव्याचं तेल त्यानं स्वतःच्या खिशातून घालायचं.

खरी गंमत दंडाच्या कलमांत आहे. दुसऱ्याच्या जागेवर बसणं, शिवीगाळ, मारामारी या सगळ्याला दंड. गोंधळ घालणाऱ्याजवळ शिस्तरक्षक देवाची काठी, म्हणजे थिर्सस, आणून ठेवायचा. ती ठेवली की त्या माणसानं मुकाट्यानं बाहेर जायचं. नाही गेला तर उचलून बाहेर काढायला वेगळी माणसं नेमलेली, त्यांना ‘घोडे’ म्हणत. मार खाल्लेल्यानं संघाच्या पुजाऱ्याकडे न जाता थेट सरकारी न्यायालय गाठलं, तर त्यालाही मारणाऱ्याइतकीच शिक्षा! घरातलं भांडण घरातच मिटवायचं, हा आग्रह. सभासद वारला तर 5 देनारियसपर्यंतचा हार, आणि अंत्ययात्रेला आलेल्यांनाच वाइनचा एक घडा.

इथे एक चूक हटकून होते. नियम वाचून ‘हे लोक असेच वागत’ असं लिहिलं जातं. नियम म्हणजे वर्तनाचा पुरावा नव्हे. फार तर इतकंच म्हणता येतं, की अशा भांडणांची त्यांना धास्ती होती. दुसरी मर्यादा पैशाची. दगड कोरून घेणं खर्चिक होतं, त्यामुळे ज्यांच्याकडे जेमतेम भिशीपुरते पैसे होते असे संघ आपल्याला जवळपास दिसतच नाहीत. या लेखात तर हेरोदेस अ‍ॅटिकससारखा गडगंज माणूस नवा पुजारी झाल्याचा जल्लोषही कोरलाय: आता आपला संघ सगळ्यांत पहिला!

तिसरी अडचण वाचनाची. लेखाचा ठसा घ्यायला ओला टीपकागद दगडावर पसरून ब्रशनं ठोकतात, वाळल्यावर सोलून काढतात. अक्षरं उलटी पण उठावदार मिळतात. कागद पुरता वाळण्याआधी ओढला की कडा फाटते. अथेन्सच्या जुन्या लेखांत अक्षरं चौकटीत बसवल्यासारखी एकाखाली एक असतात, म्हणून तुटलेल्या जागी किती अक्षरं होती हे मोजता येतं. रोमन काळातल्या लेखांत ती सोय बहुधा नसते. तिथे छापील पाठात तुटलेल्या जागी कंसात भरलेला मजकूर हा संपादकाचा अंदाज समजावा. नेमक्या कंसातल्या शब्दावर सिद्धान्त उभा करणारे कमी नाहीत.

पैशाचा हिशेब पाहायचा तर थेरा या ग्रीक बेटावरच्या एपिक्तेता या बाईचं मृत्युपत्र घ्यावं, साधारण इ.स.पू. 200 चं. तिनं नातेवाइकांचा संघ बांधून 3000 द्राख्मांची (ग्रीक नाण्यांची) ठेव ठेवली. तिचं वर्षाला 210 द्राख्मा उत्पन्न, म्हणजे 7 टक्के. त्यातून तीन दिवस यज्ञ व्हायचे, म्यूझ या कलांच्या देवतांसाठी आणि घरच्या मृतांसाठी. आता नाशिकच्या 10 क्रमांकाच्या लेण्यातला, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख काढा: तिथेही 3000 कार्षापण नाण्यांची ठेव, पण विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे धंद्याच्या संघांकडे. 2000 वर दरमहा शेकडा 1, म्हणजे वर्षाला 240. त्यात 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 चं वस्त्र. उरलेल्या 1000 वर शेकडा पाऊण. आकडा तोच असणं योगायोग, पण रचना बघा: थेरात धर्मकार्यासाठीच संघ उभा केला, नाशिकला आधीपासून असलेल्या धंद्याच्या संघाकडे ठेव दिली.

देलोस या ग्रीक बेटावर बैरूतच्या व्यापाऱ्यांचा, जहाजमालकांचा आणि वखारवाल्यांचा असाच एक संघ होता, पोसायडन या समुद्रदेवाच्या नावानं. त्यांनी इ.स.पू. दुसऱ्या शतकात मार्कुस मिनातियुस या रोमन सावकाराचा गौरव कोरून ठेवला, कारण त्यानं व्याज सोडलं होतं. हे वाचलं की कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली आणि टाउन हॉलच्या संग्रहालयात ठेवलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती आठवणारच. पण तिच्यावरून पंचगंगेकाठी पोसायडनभक्तांचा संघ होता असं म्हणू नये. मूर्ती मालासोबत प्रवास करते. संघ म्हणायला नावांची यादी लागते, पदं लागतात, आणि वर्गणीचा आकडा.