मॅडम, सध्या काय वाचताय?

वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. सभासद पुस्तक परत करतात, शिक्का पडेपर्यंत इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, "मॅडम, तुम्ही सध्या काय वाचताय?" त्यात माझ्याबद्दलचं कुतूहल बेताचंच असतं. कपाटापर्यंत जायचा कंटाळा आलाय, तुमच्या हाताशी असेल ते चांगलंसं द्या, असा त्याचा खरा अर्थ. मग मी माणूस बघून नाव सांगते. कुणाला इतिहास हवा असतो पण फार जाडजूड नको. कुणाला "काहीतरी हलकंफुलकं" हवं असतं, आणि हलकंफुलकं म्हणून दिलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी "हे फारच हलकं निघालं" म्हणून परत येतं. या सगळ्यात मी खरोखर काय वाचतेय ते राहूनच जातं. आता तुम्ही पुस्तक बदलायचं नसताना विचारलंत, म्हणून सांगते.

आधी एक खुलासा. नवी पुस्तकं मी वाचत नाही असं नाही. गठ्ठा आला की दाखल क्रमांक टाकताना प्रत्येक पुस्तक चाळावंच लागतं, कारण दोन दिवसांत कुणीतरी "हे कसं आहे?" म्हणून विचारणार असतं. पण ती नोकरी झाली. रात्री स्वयंपाकघर आवरून झाल्यावर जे हातात घ्यावंसं वाटतं, ते वेगळं. तिथे मला कुणी काही विचारणार नसतं.

तर सध्या उशाशी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आहे. बऱ्याच जणांना त्यातला झाशीचा भाग शाळेपासून ठाऊक असतो आणि तेवढाच ठाऊक असतो. मला मात्र या पुस्तकाची सुरुवातच फार आवडते, कारण ती पैशाच्या अडचणीने होते. पेणजवळच्या वरसईचे हे विष्णुभट. घरावर कर्ज. अशात बातमी येते की ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल. काकांना सोबत घेऊन १८५७ साली भटजी उत्तरेकडे निघतात. देशात काय शिजतंय याचा त्यांना पत्ता नाही. महूच्या वाटेवर शिपाई भेटतात, पुढे गडबड होणार असल्याचं सांगतात, तरी हे दोघं पुढे जातातच. परत फिरून करायचं काय? कर्ज तर तिथेच उभं.

माझ्या आनंदाचं कारण हे आहे. बंडाचा इतिहास लिहिणारे सेनापतींच्या मागे जातात. भटजी कमरेला बांधलेल्या पैशांच्या मागे जातात. दक्षिणा मिळते, लुटली जाते, पुन्हा थोडी मिळते, पुन्हा लुटली जाते. झाशीला वेढा पडतो तेव्हा ते शहरात आहेत, आणि नंतर गोऱ्या फौजेने जे विजन, म्हणजे सरसकट कत्तल, केलं, तेही घरात लपून त्यांनी काढलं आहे. माणूस घाबरलेला आहे आणि घाबरलो होतो हे लिहितानाही त्याला कमीपणा वाटत नाही. पुढे काल्पीच्या वाटेवर, पहाटे, एका विहिरीवर राणी लक्ष्मीबाई भेटतात. पुरुषी पेहराव, अंगावर धूळ, तहानलेल्या. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर त्या नको म्हणतात, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका. स्वतः पाणी शेंदून पितात आणि निघून जातात. एवढंच. राणीवर पुढे इतकं लिहिलं गेलं, पण माझ्या डोळ्यांपुढे ती या विहिरीवरच उभी असते. भटजींनी वर्णनाला लावलेले शब्द अगदी मोजके आहेत. राजवाड्यातली राणी त्यांनी पाहिली होती, म्हणून विहिरीवरची त्यांना वेगळी सजवावी लागली नाही.

घरी परतताना गाठीला पैसा जवळजवळ नाही. खांद्यावर गंगेची कावड मात्र आहे, आणि त्या पाण्याने ते आईवडलांना स्नान घालतात. या माणसाचा हिशेब तोट्यात गेला की फायद्यात, यावर आमच्या घरी एकदा जेवणाच्या ताटावर वाद झाला. नवरा म्हणाला तोट्यात. तो बँकेत होता.

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. हे किती वेळा वाचलं विचारू नका. कुठलंही पान उघडायचं आणि तिथून पुढे जायचं, अशी माझी पद्धत झाली आहे. यंदा मात्र भटजींच्या शेजारी ठेवल्यामुळे पहिल्यापासून घेतलं, आणि तिथेही १८५७ च निघालं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडलांना, फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून येणारी वस्तू न वस्तू धुऊन घ्यायची. मीठसुद्धा. धुतल्यावर मिठाचं काय होतं ते तुम्हीच बघा. झाशीत तोफा वाजल्या त्या भटजींनी ऐकल्या. जलालपुरात त्याच बंडाचे हाल एक अख्खं घर पाणी ओतत भोगत राहिलं, आणि त्याची नोंद कुठल्या बखरीत नाही, एका बाईच्या आठवणीत आहे.

आणि आता याच घरातली मुलगी बघा. अकराव्या वर्षी लग्न, नवरा नारायण वामन टिळक, कवी आणि अवलिया. घरातून न सांगता निघून जायचा, पुन्हा उगवायचा. १८९५ मध्ये तो ख्रिस्ती झाला. नवरा-बायकोची कित्येक वर्षं ताटातूट. पुढे लक्ष्मीबाई त्याच्यापाशी राहायला आल्या तरी यांचं पाणी वेगळं, चूल वेगळी. ते सोवळं कुणी जबरदस्तीने मोडलं नाही. जात माणसाने केली की देवाने, याचा त्यांनी स्वतःशीच विचार केला आणि सोडून दिली. मीठ धुणाऱ्या बापाची लेक इथवर येते, आणि हे सांगताना तिचा सूर ओट्यापाशी उभं राहून शेजारणीला सांगावं तसा. रडण्याच्या जागी ही बाई हटकून हसवते. टिळकांवर ती रागावते तेव्हाही आपल्याला टिळक आवडत राहतात, ही करामत भल्याभल्या चरित्रकारांना साधलेली नाही.

या दोघांत मला सापडलेलं साम्य म्हणजे दोघंही लेखक व्हायला निघाले नव्हते. भटजी भिक्षुकी करणारे, कुणीतरी लिहा म्हणालं म्हणून उतारवयात लिहायला बसले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नाहीत, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, आणि 'स्मृतिचित्रे'चे भाग पुस्तकरूपाने आले ते १९३४ पासून, म्हणजे पासष्टी उलटल्यावर. शैली कमावलेल्या लेखकांबद्दल मला आदर आहे. पण रात्री साडेदहाला आदर नको असतो, सोबत हवी असते.

तिसऱ्या पुस्तकाचं नाव ऐकून वाचनालयाच्या कमिटीतले काहीजण नाक मुरडतील. मी बाबुराव अर्नाळकर वाचतेय. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. आमच्याकडच्या प्रतींची पार लक्तरं झाली आहेत. दप्तऱ्याने दोनदोन पुस्तकं एकत्र बांधल्यामुळे एका खुनाचा तपास अर्ध्यात असताना पान उलटावं तर थेट दुसऱ्याच बंगल्यावर दरोडा. शिवाय कुणा पुण्यात्म्याने पहिल्याच प्रकरणात एका पात्राच्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारून 'हाच' असं लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे तो 'हाच' नेहमी बरोबर असतोच असं नाही. तेव्हा मी आता दोन तपास एकदम करते, एक धनंजयबरोबर आणि दुसरा या पेन्सिलवाल्यावर. यात साहित्य किती, असं विचारलंत तर फार नाही. पण एका पिढीला सलग वाचायची सवय याच पुस्तकांनी लावली, आणि ती सवय लागलेले आजोबा आजही आमच्याकडे वर्गणी वेळेवर भरतात.

याशिवाय दिवाळी अंक. लोक ते दिवाळीत वाचतात, मी उन्हाळ्यात. तोवर सगळ्या सभासदांचे हात फिरून झालेले असतात, शब्दकोडं कुणीतरी चुकीचं भरलेलं असतं, राशिभविष्याचं पान गेलेलं असतं. घाई कुणालाच नसते. चार-सहा महिन्यांनंतरही जी कथा पकडून ठेवते ती खरी चांगली, अशी माझी आपली परीक्षा.

काय वाचत नाही तेही सांगून टाकते. यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं मी उघडत नाही. त्यांना मागणी सगळ्यात जास्त आहे आणि ती परतही सगळ्यात लवकर येतात, बहुतेक पहिल्या पन्नास पानांतच यश मिळत असावं. वर्षात अमुक पुस्तकं संपवायची, यादी करायची, हेही मला जमत नाही. आवडलेलं पुस्तक लवकर संपवण्यात कसला पराक्रम? पुस्तक अर्धवट सोडायलाही मला काही वाटत नाही.

आता यातलं एखादं न्यावंसं वाटलं तर ऐका. 'स्मृतिचित्रे'च्या संक्षिप्त आवृत्त्याही मिळतात. त्या घेऊ नका, संपूर्णच घ्या. अर्नाळकर कुठलाही चालेल, फुलीवर विश्वास ठेवू नका. भटजींचं मात्र बघून घ्यायला हवं. चिंतामणराव वैद्यांनी त्यांच्याकडून हे लिहवून घेतलं आणि भटजी गेल्यावर १९०७ मध्ये छापलं, पण छापताना भाषा साफसूफ केली, मजकुरातही फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. तीत भटजी स्वतः बोलतात, अडखळतात, मध्येच भलतंच सांगतात. तीच मागा. आमच्या वाचनालयात तिची एकच प्रत आहे, आणि ती सध्या माझ्याकडे आहे. मुदत वाढवून द्यायचा अधिकार माझाच असल्यामुळे तुमचा नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही.