एक वर्ष आणि एक दिवस

शनिवार, रात्री उशिरा

होली ब्लॅकच्या परीलोकावरच्या कादंबरी-मालिकेतला दुसरा भाग, 'द विकेड किंग', आत्ता संपला आणि मी भयंकर चिडले आहे. त्यातल्या नायकावर, कार्डनवर. (पुढे शेवटाबद्दलही लिहिणार आहे. ज्यांचं वाचायचं राहिलंय त्यांनी इथेच थांबावं.)

आधी वैर, मग प्रेम अशा कथेच्या दुसऱ्या भागाची मला नेहमीच धास्ती वाटते. पहिल्या भागात सगळा जीव 'कधी कबूल करणार?' यात अडकलेला असतो. ते एकदा झालं की लेखक भांडण उगाच ताणत बसतात, कुणी अर्धवट काहीतरी ऐकतं, कुणी निरोप लपवतं. २०१९ साली आलेल्या या भागात ब्लॅकने त्या वाटेला न जाता नायिकेच्या, ज्यूडच्या हाती सत्ता दिली आहे.

पहिल्या भागाच्या शेवटी ज्यूडने कार्डनकडून एक वर्ष आणि एक दिवस तिची आज्ञा पाळायचं वचन घेतलं होतं, आणि मग फसवून त्यालाच राजा केलं. आता सिंहासनावर तो आणि कारभार तिचा. त्यातले पाच महिने हा भाग सुरू होण्याआधीच सरलेत. ज्यूड माणसाची पोर. ज्या सेनापतीने तिच्या आईवडिलांना मारलं, त्याच्याच घरात ती वाढली. परीलोकात तिला येताजाता हिणवणाऱ्यांमध्ये हा कार्डनही होता. हातातली सत्ता सोडायची तिला इतकी भीती का, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण ज्याला आपण काहीही करायला लावू शकतो, त्याने आपल्याला जवळ घेतलं तर ते त्याच्या मनातलं आहे हे ओळखायचं कसं? परीलोकातल्या लोकांना खोटं बोलता येत नाही. ज्यूडला येतं, आणि ती सराईतपणे बोलते. समुद्रतळाच्या राणीच्या कैदेत तर ती मोहिनी पडल्याचं सोंग करते, उपाशी राहते, अपमान गिळते आणि कुणाला संशयही येऊ देत नाही. ती पानं मी श्वास रोखून वाचली. (आणि टॅरिन! सख्खी जुळी बहीण ज्यूडचं रूप घेऊन कार्डनला फसवते. त्याबद्दल आज लिहवत नाही.) इतकी पटाईत मुलगी शेवटी फसते, तीही ज्याला खोटं बोलताच येत नाही त्याच्याकडून.

कारण तो लग्नाचं विचारतो. बदल्यात वचनातून मुक्त कर म्हणतो. ती करते. गुपचूप आणाभाका होतात, ती राणी होते, आणि मोकळा झालेला कार्डन सगळ्यांसमोर तिला माणसांच्या जगात हद्दपार करतो.

शब्दात अडकलेला राजा आपल्याला नवा नाही. पण कैकेयीला दिलेल्या वरांत दशरथ अडकला म्हणून रामाला वनवास घडला. इथे राजा शब्दातून सुटतो आणि मग वनवासाला धाडतो. म्हणूनच मला हा वनवास जास्त लागला. निदान या वेळी तरी कार्डनने जे केलं ते स्वतःच्या मर्जीने केलं, आणि ज्यूडला तर नेमकी त्याची मर्जीच कधी कळत नव्हती.

राग जरा निवल्यावर ते पान पुन्हा काढलं. राजमुकुट तिला क्षमा करत नाही तोवर तिने परत यायचं नाही, असा काहीसा त्याचा हुकूम आहे. 'मी क्षमा करेपर्यंत' असं तो म्हणत नाही. खोटं बोलता न येणारे लोक शब्द फार जपून वापरतात. आणि ज्यूड आता राणी आहे. मग राजमुकुट म्हणजे एकटा तोच कसा?

हे ज्यूडच्या लक्षात आलेलं नाही. तिसरा भाग उशाशी आहे, आणि झोप काही येणार नाही.